अळणी आमटीचा जाहीर प्रश्न

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
ऑगस्ट २००८

ती. स्व. बाबाजीदादा यांस,
दशरथचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. आपली प्रकृती उत्तम असेल, वहिनींचा गुडघा या पावसाळ्यात कमी कुरकुरत असेल आणि परसातल्या पडवळांना यंदा तरी माकडांनी हात लावला नसेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. (क्षेम हा शब्द सवयीने लिहून गेला. खोडणार होतो, पण पहिल्याच ओळींत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणून राहू दिला.)

फोन असताना पत्र का, असं तुमच्या मनात येईल. दादा, फोन मी रोज करतोय. तुम्ही 'हं, बोला' म्हणता, मी 'मनोरमा आहे का?' विचारतो, मग पलीकडून बांगड्या वाजल्याचा आवाज येतो, कुणीतरी कुणालातरी काहीतरी खुणावतं आणि तुम्ही घसा खाकरून सांगता की ती आंघोळीला गेली आहे. तुमची बहीण दिवसातून एकदाच आंघोळ करते हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तुम्ही आयुष्यभर देवरुखच्या शाळेत गणित शिकवलंत, खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तुम्हाला त्रास होतोय हे मला इथे ऐकू येतं. तो त्रास वाचावा म्हणून सगळी हकीकत कागदावर मांडतो. तिने तुम्हाला काय सांगितलंय ते ठाऊक नाही. बहुधा काहीच सांगितलं नसेल, नुसती तांदूळ निवडत बसली असेल. पण नेमकं कुठे चुकलं याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तुम्ही गणिताचे मास्तर, कुठली पायरी चुकली ते तुम्हाला सापडेल.

सुरुवात कौस्तुभपासून झाली. त्याने पुण्याला नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्याकडे आणून टाकला. बाबा, तुम्ही रिटायर झालात, तुमचा वेळ जाईल, म्हणाला. आता माझा वेळ जात नव्हता हे खरं आहे. लालबागच्या चाळीत होतो तेव्हा गॅलरीतून नुसतं नळापर्यंत जायचं म्हटलं तरी चार जणांना उत्तरं द्यावी लागायची. काय, आज लवकर? काय, आज पिशवी घेऊन? काय, मेहुणे आलेत वाटतं? तेव्हा वैताग यायचा. इकडे भाईंदरला आल्यावर कळलं की दोन दोन कुलपांच्या दाराआड माणसं राहतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. मी सोसायटीचा सचिव, त्यामुळे मला एकच प्रश्न विचारतात, "घाग अंकल, पानी कब आयेगा?" त्याला मी प्रश्न मानत नाही, ती तक्रार आहे.

तर कौस्तुभने मला इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे अनोळखी माणसं प्रश्न विचारतात आणि अनोळखीच माणसं उत्तरं देतात. ना ओळख, ना पाळख. प्रश्न तरी काय मोठे, तुमच्याकडे हवा कशी आहे, मांजर आवडतं की कुत्रा, काल रात्री झोप लागली का. मला तर आमची गॅलरीच परत मिळाल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी परदेशातल्या कुणा गृहस्थाने विचारलं होतं की आज सगळे कसे आहात? एवढ्या आपुलकीने विचारलंय तर सांगायला नको का? मी माझ्या इंग्रजीत (तेच, विमा कचेरीतलं, सविनय निवेदनवालं) त्यांना माझं ब्लडप्रेशर, भाईंदरची पाणीटंचाई, कौस्तुभचं प्रमोशन हे सगळं सविस्तर लिहिलं आणि शेवटी त्यांच्या मातोश्रींची प्रकृती विचारली. दादा, त्यांनी माझं उत्तर सर्वोत्तम म्हणून निवडलं! तिथे तशी पद्धत आहे, ज्याचा प्रश्न त्याने एक उत्तर सर्वोत्तम ठरवायचं. मी पेढे आणायला निघालो. मनोरमाने विचारलं, कशाचे? मला नीट सांगता येईना, म्हणून नुसती कोथिंबीर घेऊन परत आलो.

मग मी स्वतः प्रश्न विचारला. 'आज आपल्याकडे जेवायला काय केलं आहे?' खाली पूर्ण नाव, दशरथ लक्ष्मण घाग, सचिव, नवयुग छाया सहकारी गृहनिर्माण संस्था, जेसल पार्क, भाईंदर पूर्व, असं रीतसर लिहिलं. कौस्तुभ म्हणाला होता, एखादं टोपणनाव घ्या. पण टोपणनावाने लिहितात ते जिन्यात थुंकणाऱ्यांबद्दल निनावी तक्रारी करणारे, असली पत्रं मी सचिव म्हणून वाचतदेखील नाही. (ही पायरी लक्षात ठेवा, दादा. पुढे लागणार आहे.)

भराभर उत्तरं आली. एका बाईंनी बटाट्याचं काहीतरी केलं होतं, एकाने कालचा भात परतला होता, एका विद्यार्थ्याने चक्क काहीच खाल्लं नव्हतं आणि मला त्याची रुखरुख लागली. इथवर सगळं ठीक होतं. पण तुमच्या घरची रीत मनोरमाने लग्न करून येताना बरोबर आणली आणि माझ्या हाडीमाशी भिनवली, की शेजारून डबा आला तर तो रिकामा परत द्यायचा नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची, पण रिकामा नाही. मग एवढी माणसं आपल्याला उत्तरं पाठवताहेत आणि आपण नुसतं वाचून गप्प बसायचं? तिथे प्रत्येकाने विचारलेले प्रश्न बघता येतात. ज्याने ज्याने मला उत्तर दिलं, त्याचा त्याचा प्रश्न मी शोधून काढायचो आणि त्याला उत्तर द्यायचो. अडचण एवढीच की त्यांचे प्रश्न माझ्या आवाक्यातले नव्हते. त्या बटाटेवाल्या बाईंना केस जांभळे करावेत की नाही हे हवं होतं. मी लिहिलं, घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून काय तो निर्णय घ्यावा. (त्या आजी निघाल्या.) परतलेल्या भातवाल्याच्या देशात जूनमध्ये हिवाळा असतो म्हणे, त्याची गाडी बर्फात उभी राहून काचेवर बर्फ गोठला होता, काय करावं म्हणून विचारत होता. मी बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसातला. पण आमच्याकडे राहिलेल्या वहिनींच्या त्या मोठ्या स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं की मनोरमा त्यावर आधणाचं पाणी ओतते आणि झाकण सुटतं, हे मी कितीदा पाहिलंय. तेच लिहिलं. त्याची काच तडकली. मी त्याला दिलगिरीचं सविस्तर पत्र लिहिलं, तर माझ्या पत्राला उत्तर म्हणून त्याने आणखी पाच ओळी पाठवल्या, म्हणजे माझ्यावर पुन्हा डबा चढला. त्या ओळी इथे देत नाही, वहिनी वाचतील.

असं करता करता सकाळचा चहा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा फेरफटका सगळं त्या खुर्चीतच होऊ लागलं. मनोरमा पान वाढून हाक मारायची, मी 'आलो' म्हणायचो आणि जपानमधल्या एका बाईला काय जेवलात म्हणून विचारायचो. मी उठेपर्यंत मनोरमाचं जेवण झालेलं असायचं आणि माझं पान ताटाखाली झाकून ठेवलेलं असायचं. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते माझ्या लक्षातच आलं नाही.

आता आमटीकडे वळतो. आषाढ लागला तसं माझ्या ध्यानात आलं की आमटीत मीठ नाही. कमी नव्हे, नाहीच म्हणा ना. भाजीचं तेच, कोशिंबिरीचं तेच, आणि लोणच्याची बरणी तर माळ्यावर गेलेली. आता आमचे वडील आमटी खारट झाली म्हणून ताट भिरकावून उठायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की बायकोच्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवायचं नाही. इतक्या वर्षांत ठेवलं नाही, मनोरमाला विचारा. (तिला माझ्याबद्दल जे काही विचाराल त्यात हेही विचारा.) म्हणजे तिला बोलायचं नाही हे पक्कं, आणि आमटी तर घशाखाली उतरेना. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? मी ते जगाला विचारलं. 'माझी पत्नी हल्ली आमटीत मीठ घालायला विसरते. तिचं मन न दुखावता हे कसं सांगावं?' खाली पूर्ण नाव, पत्ता, सचिव.

दादा, उत्तरांचा नुसता पाऊस पडला. एकाने लिहिलं, टेबलावर मिठाची डबी ठेवा. एकाने लिहिलं, तिला सोडा. (कारण दिलं नाही.) एकीने लिहिलं, तिचं तुमच्यावरचं प्रेम आटलंय. एकाने विचारलं, आमटी म्हणजे काय? आणि एका गृहस्थाने, बहुधा डॉक्टर असावेत, भाषा तशी होती, असं लिहिलं की साठीच्या आसपास माणूस अशा साध्या गोष्टी विसरू लागला तर दुर्लक्ष करू नका, ही स्मृती जाण्याची सुरुवात असू शकते, तिला न कळू देता रोज साधे साधे प्रश्न विचारून बघा.

आपली मनोरमा विसरायला लागली? गॅस कुठे बंद करायचा, दार कुठलं, मी कोण? त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर पाटावर बसलो. तिने दचकून विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, काही नाही, आज वार कुठला? तिने सांगितला. दुसऱ्या दिवशी विचारलं, आपलं लग्न कुठल्या साली झालं गं? तिसऱ्या दिवशी, लग्नात तू कुठल्या रंगाचा शालू नेसली होतीस? चाळीतल्या आपल्या खोलीसमोर कोण राहायचं? कौस्तुभ पहिलं पाऊल कुठे टाकून चालला? तिला सगळं आठवत होतं, दादा. मला आठवत नव्हतं तेही आठवत होतं. कौस्तुभ म्हणे नळाजवळच्या ओल्या फरशीवर चालला आणि मी कचेरीला सुट्टी टाकून दिवसभर त्याला चालवत बसलो. ती हसून हसून सांगायची. चौथ्या पाचव्या दिवसापासून ती माझी वाट बघायला लागली. संध्याकाळी वेणीफणी करून, पदर नीट करून बसायची आणि म्हणायची, "विचारा, आज काय विचारताय?" एक दिवस तर काही सण नाही, वार नाही, पुरणपोळी केली. मला वाटलं, सण नसताना पुरणपोळी, म्हणजे तिथी विसरली. मी ते लगेच त्या डॉक्टरांना कळवलं.

आणि मग दुर्गाबेन आल्या. समोरच्याच दारातल्या, मनोरमाची त्यांच्याशी पापड-खाखऱ्याची देवघेव आहे. त्यांचा निमेष अमेरिकेत असतो. माझा प्रश्न भाईंदरहून निघून जगभर हिंडून अमेरिकेत निमेषच्या समोर उगवला, त्याने खालचं नाव-पत्ता वाचला आणि आईला फोन केला, म्हणजे सगळं फिरून आमच्याच दाराशी आलं. दुर्गाबेन हातात वाटीभर मीठ घेऊन दारात उभ्या, डोळ्यांत पाणी. "मनोरमाबेन, घबराना मत हां. मेरा निमेष बोला, सामनेवाले अंकल ने पूरी दुनिया को लिखा है के आंटी सब भूल जाती है. हम हैं ना. बध्धुं सारुं थई जशे, सब ठीक हो जायेगा." मनोरमा हसत होती ती थांबली. त्यांना बसवलं, चहा दिला. मीठ बरणीत ओतून घेतलं आणि वाटी साखर घालून परत दिली. एवढ्या संतापातही वाटी रिकामी दिली नाही, दादा, हे मी मुद्दाम नमूद करतो.

दार लावून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता मिठावरून भांडण होईल, त्याची माझी तयारी होती. पण मिठाचं तिने नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे ते शालूचं, नळाचं, कौस्तुभचं, ते तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?" मी खरं ते सांगितलं की हो, तुझ्याच भल्यासाठी, एका डॉक्टरसाहेबांच्या सल्ल्याने. तर म्हणाली, "साऱ्या जगाला रोज विचारता, जेवलात का, काय जेवलात. मी समोर एकटी जेवून उठते. मला एकदा तरी विचारलंत?" आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे. जाताना भाजी कुठली आधी संपवायची आणि कुठली नंतर ते मला सांगून गेली, म्हणजे स्मरणशक्ती उत्तम आहे.

मिठाचं काय ते मला नंतर भाजीबाजारात कळलं. आमचे नेहमीचे डॉक्टर भेटले, म्हणाले, घागसाहेब, प्रेशर काय म्हणतंय? मनोरमावहिनींना सांगितलं होतं मीठ तोडा म्हणून, तोडलं ना? तुम्हाला सांगून उपयोग नाही, तुम्ही ऐकत नाही. मी हातात दुधी घेऊन तसाच उभा राहिलो. मग ती स्वतः तसली आमटी का खात होती? तिला तर प्रेशर नाही. माझ्यासाठी वेगळी आणि तिच्यासाठी वेगळी असं तिने केलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं ना.

तर दादा, अशी सगळी हकीकत आहे. मी काही वाईट हेतूने केलं नाही, कुणाशी खोटं बोललो नाही, प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव दिलं, आणि तरी घर रिकामं आहे. इथे सगळ्यांना मी सांगितलंय की ती भावाला राखी बांधायला गेली आहे. नारळी पौर्णिमा होऊन गेली. आता कुणी विचारलं तर काय सांगायचं, आणि कुणी विचारतच नाही याचं काय करायचं, दोन्ही मला समजत नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तिला काही सांगू नका.

आपला आज्ञाधारक,
दशरथ

ता. क. तिला सांगू नका असं वर लिहिलंय ते रागावून लिहिलंय. हवं तर सांगा.

ता. क. दुसरा : त्या मिठाच्या प्रश्नाला सर्वोत्तम उत्तर कुठलं ते मी ठरवलंच नाही. एवढ्या लोकांनी वेळ काढून लिहिलेलं, एकाला निवडून बाकीच्यांचं मन कशाला मोडा? तर मुदत संपल्यावर तिथे आपोआप मतदान झालं आणि 'तिला सोडा' हे उत्तर बहुमताने निवडून आलं. मी सचिव या नात्याने हरकत नोंदवली आहे. ज्या सभासदाबद्दल ठराव आहे त्यालाच सभेची नोटीस मिळाली नव्हती, सबब ठराव रद्द. हे मनोरमाला जरूर कळवा.

ता. क. तिसरा : कॉम्प्युटरवर मी तिने विणलेला रुमाल घालून ठेवलाय आणि त्याला हात लावत नाही. फक्त ज्या दोघा-तिघांचं देणं राहिलं होतं त्यांना उत्तरं दिली. त्या विद्यार्थ्यालाही विचारलं. जेवतो म्हणे आता वेळेवर.

ता. क. शेवटचा : सोसायटीचा प्लंबर लवू गणपतीसाठी गावी, तुमच्याच बाजूला, निघालाय, त्याच्याबरोबर पत्र आणि वहिनींचा तो मोठा डबा पाठवतोय. मे महिन्यात फणसाची साटं भरून आला होता तो. मनोरमाने धुऊन पुसून ठेवला होता, भरून पाठवायचा म्हणून. मी नारळाच्या वड्या केल्या. कुणालाही विचारलं नाही, ना जगाला, ना दुर्गाबेनना, त्यामुळे त्या पडल्या नाहीत. चमच्याने खाव्या. डबा तुम्ही उघडू नका, तिच्या हातात द्या. झाकण मी लावलंय, ते तिलाच उघडेल. आणि तुमच्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगावी, डबा भरलेला आलाय, तेव्हा तुम्हालाही तो भरूनच परत पाठवावा लागणार. मात्र लवूच्या हाती देऊ नका, कुरिअरने तर नकोच. ज्या बाईला ते झाकण नीट लावता येतं तिलाच तो घेऊन येऊ दे. गणपतीच्या आधी आली तर बरं, मूर्ती सांगून ठेवली आहे, आरास कशी करायची ते मला सुचत नाही. आणि तेवढं तिला विचारा की आज काय जेवलीस. नको, तुम्ही विचारू नका. मी विचारलंय म्हणून सांगा, आणि उत्तर इथे येऊनच दे म्हणावं. पान दोघांचं वाढतोय, मीठ न घालता.